रोजची घडी आणि महिनाअखेरची धावपळ

चाकण, भोसरी, रांजणगाव या पट्ट्यातल्या कित्येक कारखान्यांचा महिना एकाच चालीने जातो. पहिला आठवडा सुस्त. दुसऱ्यात माल मागे पडल्याची कुणकुण, तिसऱ्यात फोनाफोनी, आणि शेवटच्या पाच-सहा दिवसांत डिस्पॅचच्या दारात ट्रक, पेट्या आणि माणसे यांची झुंबड. ओव्हरटाइम लागतो, मशीनचे ठरलेले मेंटेनन्स पुढे ढकलले जाते, एरवी बाजूला काढला असता असा माल ‘डेव्हिएशन’वर सही घेऊन गाडीत चढतो. तीस तारखेच्या रात्री टार्गेट पूर्ण होते, वडापाव मागवले जातात आणि एक तारखेला सगळे पुन्हा सुस्तावतात. महिन्याची बेरीज कागदावर चांगली दिसते, पण तिच्यातला बराच भाग पुढच्या महिन्याकडून उसना घेतलेला असतो. मेंटेनन्स न झालेले मशीन दहा तारखेला बसते, सहीवर सोडलेला माल वीस तारखेला परत येतो, आणि महिनोन्‌महिने जागरणे काढलेला सेटर एक दिवस शेजारच्या कंपनीत निघून जातो.

काही कारखान्यांत मात्र तीस तारीख दहा तारखेसारखीच दिसते. तिथली माणसे जास्त हुशार किंवा जास्त कष्टाळू असतात असे नाही. तिथे कामाची घडी बसलेली असते, आणि ती बसवणाऱ्या वरिष्ठाच्या चार-दोन सवयी वर्षानुवर्षे बदललेल्या नसतात. नेतृत्व म्हटले की दूरदृष्टी, धडाडी असे भारदस्त शब्द पुढे येतात. हाताखालच्या माणसांना साहेबाची दूरदृष्टी क्वचितच दिसते. तो सकाळी कुठे थांबतो, आधी काय विचारतो आणि वाईट बातमी ऐकल्यावर त्याचा चेहरा कसा होतो, हे मात्र रोज दिसते.

शिवाय वरिष्ठाची सवय त्याच्यापुरती राहत नाही. एखादा कर्मचारी रात्री अकराला मेल उघडतो तेव्हा स्वतःची झोप घालवतो. विभागप्रमुख रात्री अकराला मेल पाठवतो तेव्हा पंधरा जणांचे फोन वाजतात, आणि ‘सकाळी पाहिले तरी चालेल’ असे त्यात स्पष्ट लिहिलेले असले तरी कोणीतरी तेव्हाच उठून उत्तर लिहायला बसतो. त्यामुळे बँकेच्या शाखेचा व्यवस्थापक असो, सॉफ्टवेअर कंपनीतला टीम लीड असो की शिफ्टचा सुपरवायझर, त्याने लावून घ्यायची सवय एका कसोटीवर घासून पाहावी लागते: सगळ्या विभागाने ती उचलली तर काय होईल?

सवय म्हणजे ठरावीक प्रसंग समोर आला की फारसा विचार न करता हातून घडणारी कृती. ती २१ दिवसांत लागते हा समज फार पसरलेला आहे. त्याचे मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकात सापडते. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची रुग्णाला सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढे सांगणाऱ्यांनी त्यातला ‘किमान’ गाळला आणि आरशातल्या चेहऱ्याचा नियम व्यायामापासून वक्तशीरपणापर्यंत सगळ्याला लावला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांना बारा आठवडे एकेक नवी कृती रोज करायला लावून हे मोजले. कृती अंगवळणी पडायला लागणारा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत निघाला. मधला आकडा ६६ दिवसांचा होता. यातला २५४ हा आकडा अर्थातच गणिताने पुढे वाढवून काढलेला आहे, कारण अभ्यासच ८४ दिवसांचा होता. जेवताना पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर जमली, व्यायामाला बराच जास्त काळ लागला. एखादा दिवस चुकला म्हणून मागचे सगळे पाण्यात गेले, असे मात्र दिसले नाही. तीन आठवड्यांच्या ‘ट्रान्सफॉर्मेशन ड्राइव्ह’वर पैसे खर्च करणाऱ्या कंपन्यांनी ६६ दिवसांचा हा आकडा भिंतीवर लावायला हरकत नाही.

सवय जडते ती खुणेला. ‘रोज लाइनवर चक्कर मारायची’ हा ठराव दोन आठवड्यांत विरतो, कारण ‘रोज’ म्हणजे नेमके कधी, याचे उत्तर दररोज नव्याने शोधावे लागते. ‘पहिल्या शिफ्टचा भोंगा झाला की डायरी घेऊन तीन नंबरच्या प्रेसपाशी जायचे’ हा ठराव टिकण्याची शक्यता जास्त. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी १९९० च्या दशकात अशा ‘अमुक झाले की तमुक करायचे’ धाटणीच्या संकल्पांचा बारकाईने अभ्यास केला आणि ते नुसत्या ध्येयापेक्षा जास्त पाळले जातात असे दाखवले. मराठीत यासाठी ‘नेम’ हा जुना, चोख शब्द आहे. नेमाला वेळ, जागा आणि कृती तिन्ही ठरलेल्या लागतात. जमेल तेव्हा देवळात डोकावणाऱ्याचा नेम आहे, असे कोणी म्हणत नाही.

कामाच्या ठिकाणी सगळ्यात वजनदार खूण म्हणजे दिवसाची सुरुवात. शिफ्ट बदलताना होणारी दहा मिनिटांची उभ्याउभ्याची मीटिंग हे त्याचे जवळून पाहण्याजोगे उदाहरण. लाइनच्या टोकाला एक फळा असतो. त्यावर सेफ्टी, क्वालिटी, डिलिव्हरी असे रकाने, हिरवे-लाल मार्कर, कालचे आकडे. रात्रपाळीचा सुपरवायझर डोळे चोळत उभा असतो, सकाळपाळीचा हेल्मेटचा पट्टा आवळत. समजा, रात्री चार नंबरच्या प्रेसवर दोनदा पत्रा अडकला आणि ऑपरेटरने सेन्सर फडक्याने पुसून मशीन पुन्हा चालू केले. प्लँट हेडचा पहिला प्रश्न ‘किती पीस निघाले?’ असा असेल, तर उत्तरात आकडा येतो आणि सेन्सर राहून जातो. पहिला प्रश्न ‘रात्री कुठं अडलं?’ असा असेल, तर सेन्सर फळ्यावर येतो, त्याच्यापुढे मेंटेनन्सच्या माणसाचे नाव आणि वेळ पडते, आणि दुपारी दोनला होणारा ब्रेकडाउन टळू शकतो. आकडे तसेही फळ्यावर लिहिलेले असतातच. पण एक दिवस ‘कुठं अडलं’ विचारून काही साधत नाही. आधीचा अनुभव वेगळा असेल तर सुरुवातीचे काही आठवडे ‘काही नाही साहेब, सगळं ओके’ हेच उत्तर येते. खरे उत्तर यायला लागते ते खऱ्या उत्तराबद्दल कोणाला बोलणी खावी लागली नाहीत, हे बऱ्याचदा पाहून झाल्यावर.

टोयोटाच्या कारखान्यांतली ‘अँडॉन’ची दोरी याच तत्त्वावर चालते. काही बिघडले की कामगार दोरी ओढतो, दिवा लागतो, टीम लीडर तिथे पोचतो. ठरलेल्या वेळात दोष निस्तरला नाही तर लाइन थांबते. परदेशी कंपन्यांनी ही दोरी हौसेने बसवून घेतली, आणि ती धूळ खात लोंबत राहिल्याचे किस्से व्यवस्थापनाच्या वर्तुळात बरेच आहेत. दोरी ओढल्यावर धावत येणारा आणि ‘कोणी केलं?’ऐवजी ‘काय झालं?’ विचारणारा माणूस त्यांना दोरीबरोबर विकत घेता आला नव्हता. टोयोटाची उत्पादनपद्धत घडवणारे ताइइची ओनो यांच्याबद्दल सांगतात, की ते इंजिनिअरला जमिनीवर खडूने काढलेल्या वर्तुळात तासन्‌तास उभे करून समोरचे काम नुसते पाहायला लावत. शिक्षाच वाटावी असा प्रकार. पण पाहणे हीसुद्धा लावून घ्यावी लागणारी सवय आहे, असे त्यामागचे मत होते.

वाईट बातमी वर पोचण्याची सवय एका मोठ्या कंपनीत कशी रुजली, याची बहुधा सर्वांत जास्त सांगितली गेलेली हकिकत अल्कोआ या अमेरिकन ॲल्युमिनियम कंपनीची आहे. १९८७ मध्ये पॉल ओ’नील तिचे प्रमुख झाले. त्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला गुंतवणूकदारांपुढे पहिल्यांदा बोलताना त्यांनी नफ्याचा विषय बाजूला ठेवून कामगारांच्या सुरक्षिततेबद्दल सांगितले: एकही माणूस जखमी होऊ नये, हे कंपनीचे लक्ष्य. सभेत चुळबुळ झाली. चार्ल्स डुहिग यांनी सवयींवरच्या आपल्या २०१२ च्या पुस्तकात ही हकिकत दिली आहे. तिच्यानुसार एका सल्लागाराने बाहेर पडताच आपल्या ग्राहकांना शेअर विकून टाकायला सांगितले.

ओ’नील यांनी नियम केला तो साधा होता. कुठेही कोणाला इजा झाली, की त्या विभागाच्या प्रमुखाने २४ तासांत ती त्यांना कळवायची, आणि तीच इजा पुन्हा होऊ नये यासाठी काय करणार हेही सांगायचे. नियम एवढाच. पण तो पाळायचा तर प्रमुखाला त्याच्या हाताखालच्या व्यवस्थापकाकडून काही तासांत बातमी मिळायला हवी, त्याला सुपरवायझरकडून, सुपरवायझरला कामगाराकडून; आणि उपाय सुचवायचा तर भट्टीत किंवा रोलिंग मिलमध्ये नेमके काय चालते, ते प्रत्येकाला माहीत हवे. अपघात कळवण्यासाठी तयार झालेल्या या वाटेने मग बिघाड, नासाडी, सुधारणेच्या सूचना असे सगळेच वर येऊ लागले. कामाचे दिवस बुडवणाऱ्या इजांचे प्रमाण दर शंभर कामगारांमागे १.८६ होते, ते ओ’नील २००० मध्ये निवृत्त होईपर्यंत ०.२ वर आले. त्याच काळात कंपनीचा नफाही कित्येक पटींनी वाढला. सगळा नफा सुरक्षिततेमुळेच वाढला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. ॲल्युमिनियमच्या किमती, कंपनीने केलेल्या खरेद्या, शेअर बाजाराची तेजी हे सगळे त्यात होते. मात्र सुरक्षितता आणि नफा एकमेकांच्या आड येतात हा जुना समज तिथे टिकला नाही. नियमाची धार बोथट होऊ नये, याचीही काळजी घेतली गेली. १९९६ मध्ये मेक्सिकोतल्या कारखान्यात वायूमुळे कामगार आजारी पडल्याची बातमी वर कळवली गेली नव्हती. त्याबद्दल एका ज्येष्ठ आणि यशस्वी अधिकाऱ्याला घरी जावे लागले. नियम फक्त खालच्यांसाठी असतो की वरच्यांसाठीही, हे लोकांना अशाच प्रसंगी कळते.

एमी एडमंडसन या संशोधिकेला १९९० च्या दशकात रुग्णालयांत हेच उलट्या बाजूने दिसले. चांगले नेतृत्व असलेल्या वॉर्डांत औषधे देण्यातल्या चुका कमी सापडतील, अशी तिची अपेक्षा होती. नोंदी जास्त सापडल्या. त्या वॉर्डांत चुका जास्त होत होत्या म्हणून नव्हे, तर तिथल्या परिचारिका त्या सांगायला कचरत नव्हत्या म्हणून. नवा वरिष्ठ आल्यावर पहिल्या दोन महिन्यांत तक्रारींचा आकडा फुगला, तर ते त्याच्या कामाचे फळ असू शकते. त्याच्या वरच्यांनी तेवढा धीर धरायला हवा, इतकेच.

यानंतर येते ती वरिष्ठाच्या स्वतःच्या वेळेची गोष्ट, आणि तिथे फार खोलात जायचे कारण नाही. पीटर ड्रकर यांनी १९६७ मध्येच सांगितले होते, की माणसाने आधी आपला वेळ खरोखर कुठे जातो ते लिहून काढावे, नियोजन मागाहून. आठवणीवर विसंबू नये, कारण आठवण सोयीची उत्तरे देते. दोन आठवडे दर अर्ध्या तासाची नोंद ठेवली, की ‘दिवसभर लाइनवरच असतो’ म्हणणाऱ्याचा दिवस केबिनमध्ये आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलेला दिसतो. त्यातल्या कोणत्या मीटिंगला आपण नसलो तरी काही बिघडत नाही, हे पाहून ती सोडली तर वेळ सुटतो. नवी सवय बसवायला जागा इथूनच काढावी लागते. भरलेल्या डब्यात आणखी पोळी कोंबता येत नाही.

कामगिरी टिकण्याचा सगळ्यात वादग्रस्त भाग विश्रांतीचा. नारायण मूर्ती यांनी २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे म्हटल्यापासून या वादाला देशात नव्याने तोंड फुटले. या प्रश्नावर शंभर वर्षांपूर्वीचा पुरावा उपलब्ध आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामगारांकडून रविवारची सुट्टीही न देता काम करून घेतले जात होते. १९१५ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीने त्यांचे तास आणि उत्पादन यांच्या नोंदी ठेवल्या. या नोंदींचे स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ जॉन पेंकावेल यांनी २०१४ मध्ये नव्याने विश्लेषण केले. आठवड्याला सुमारे ४९ तासांपर्यंत उत्पादन तासांच्या प्रमाणात वाढत होते. त्यापुढे वाढीचा वेग मंदावत गेला, आणि ७० तास काम करणाऱ्यांचे उत्पादन ५६ तासवाल्यांपेक्षा फारसे वेगळे नव्हते. वरचे चौदा तास कामगार कारखान्यात होते, मशीनपाशी उभे होते, आणि हाती जवळजवळ काहीच लागत नव्हते. त्या कामगारांत बऱ्याच स्त्रिया होत्या आणि काम मोजता येण्याजोगे, तुकड्यातुकड्याचे होते. डोक्याच्या कामात तर थकलेल्या माणसाची चूक बऱ्याच दिवसांनी उघडी पडते.

मुंबईला हा हिशोब त्याहूनही आधी मांडला गेला होता. गिरण्यांत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत आठवड्याचे सातही दिवस काम चाले, तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये साडेपाच हजारांवर कामगारांच्या सह्यांचे निवेदन दिले. रविवारची सुट्टी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती या त्यातल्या प्रमुख मागण्या. गिरणीमालकांनी १० जून १८९० रोजी रविवार मान्य केला. आज साप्ताहिक सुट्टी ही सवय इतकी अंगवळणी पडली आहे, की ती कोणीतरी मिळवली होती, हे लक्षातही येत नाही. स्वतंत्र भारतात १९४८ च्या कारखाना अधिनियमाने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. पेंकावेल यांच्या आकड्याशी ती जवळपास जुळावी, हा योगायोगच.

अपुऱ्या झोपेचा हिशोब वेगळा आणि जास्त कडक आहे. ऑस्ट्रेलियातले संशोधक विल्यमसन आणि फेयर यांनी २००० मध्ये दाखवले, की सलग १७ ते १९ तास जागलेल्या माणसाची प्रतिक्रिया आणि अचूकता रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी किंवा त्याहून खराब होते. भारतात गाडी चालवण्यासाठीची मर्यादा ०.०३ टक्के आहे. पहाटे पाचला उठून रात्री अकराला करारावर सही करणारा संचालक या हिशोबाने गाडी चालवायलाही योग्य नसतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या अहवालानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो.

विश्रांतीचीही खूण ठरवावी लागते, नाहीतर ती महिनाअखेरच्या मेंटेनन्ससारखी पुढे ढकलली जाते. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या वाटेवर पुणे ते सासवड हा दिवेघाट चढून जाणारा सर्वांत लांबचा टप्पा आहे, आणि त्यानंतरचा सासवडचा मुक्काम दोन रात्रींचा असतो. थकवा आल्यावर विसावा शोधायचा नसतो, तो वेळापत्रकातच असतो. बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुपमध्ये हार्वर्डच्या लेस्ली पर्लो यांनी केलेला प्रयोग असाच होता. ग्राहकासाठी केव्हाही हजर असण्याचा अभिमान बाळगणाऱ्या सल्लागारांना आठवड्यातली एक ठरलेली संध्याकाळ सक्तीने मोकळी दिली: फोन नाही, मेल नाही. सुरुवातीला लोकांनीच विरोध केला. पण आपली संध्याकाळ मोकळी राहायची तर आपले काम सहकाऱ्याला माहीत असले पाहिजे, म्हणून ते एकमेकांशी बोलू लागले. काय अडते आहे हे आठवड्याच्या बैठकीत उघड सांगितले जाऊ लागले, आणि लोक कामाबद्दल आधीपेक्षा समाधानी झाले. संध्याकाळ मोकळी ठेवायचे निमित्त झाले, काम सुधारले ते त्या बोलण्यामुळे.

सवयींची मर्यादाही सांगायला हवी. ‘बर्नआउट’ हा शब्द १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांवरून रूढ केला. क्रिस्टिना मास्लाक यांच्या अनेक वर्षांच्या संशोधनातून त्याची कारणे पुढे आली ती माणसाच्या स्वभावापेक्षा कामाच्या रचनेतली: न झेपणारा बोजा, कामावर ताबा नसणे, मोबदल्यातला आणि वागणुकीतला अन्याय. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये त्याची नोंद कामाशी निगडित स्थिती अशीच केली. तिघांचे काम दोघांवर टाकून त्यांना सकाळी सहाला ध्यानवर्गाला बोलावणारा वरिष्ठ स्वतःची जबाबदारी त्यांच्या श्वासावर ढकलत असतो. अशा वेळी त्याने लावून घ्यायची सवय एकच उरते: दर महिन्याला माणसे आणि काम यांचा मेळ कागदावर मांडायचा, आणि तो बसत नसेल तर वर जाऊन माणूस तरी मागायचा किंवा काम तरी कमी करून घ्यायचे. ही सवय सगळ्यात कमी साहेबांना असते, कारण तिच्यात स्वतःच्या वरिष्ठाला वाईट बातमी द्यावी लागते.

घडी बसली की नाही, हे वरिष्ठ रजेवर गेल्यावर कळते. पंधरा दिवस तो नसताना फळ्यापुढची मीटिंग त्याच वेळेला होते का, मार्कर कोणी हातात घेतो का, पहिला प्रश्न तोच विचारला जातो का? जाणते प्लँट हेड म्हणूनच आपण हजर असतानाही आठवड्यातून एकदा मीटिंग दुसऱ्याकडे सोपवतात आणि स्वतः मागच्या रांगेत उभे राहतात. असे काही महिने गेले की नवा शिफ्ट इन्चार्ज फळ्यासमोर अडखळत नाही, आणि साहेब बदलून गेले तरी रात्रपाळीचा सुपरवायझर सकाळी तिथे थांबतोच. अल्कोआत ओ’नील यांच्यानंतरही इजांचे प्रमाण घटतच राहिले. डुहिग यांच्या माहितीनुसार, ते गेल्यावर दहा वर्षांनी, २०१० मध्ये, कंपनीच्या ८२ टक्के ठिकाणी इजेमुळे एकाही कामगाराचा एकही दिवस बुडाला नव्हता.